वाचून दाखवला, बरोबर आहे

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्र पाठवून विचारलं आहे की, सरकारी नोकरीत हयात घालवलेला माणूस नाटककार कसा झाला, ते आमच्या वाचकांना सांगा. पत्रात आदर आहे, पण त्याच्या आडचा संशयही मला कळतो. मी कचेरीत बसून, सरकारी कागदावर, सरकारी शाईनं नाटकं लिहिली, असं बेळगावात पुष्कळांचं मत आहे. कागद माझा होता. शाईबद्दल मी शपथ घेणार नाही. आणि आता घेतली काय, न घेतली काय! माझं पेन्शन अडवू शकणारा साहेब याच वर्षी बोटीत बसून आपल्या देशी गेला.

बाकी माझ्या नोकरीची हकिगत सांगण्यासारखी नाही. कारकून म्हणून लागलो, फार वर्षं कारकूनच राहिलो, शेवटी अव्वल कारकून झालो आणि एक शाल, एक नारळ घेऊन घरी आलो. सांगण्यासारखा आहे तो एक कागद. एका बाईचा जबाब. तो मी लिहिला नसता तर नाटककार झालो नसतो, आणि नीट लिहिला असता तरी झालो नसतो.

आधी जबाब म्हणजे काय ते सांगतो, कारण ज्यांनी कचेरीची पायरी चढलेली नाही असे भाग्यवंतही हा अंक वाचत असतील. दोन माणसांत जमिनीवरून तंटा झाला की मामलेदार दोघांना आणि त्यांच्या साक्षीदारांना बोलावणं धाडतात. माणूस येऊन उभा राहतो आणि बोलतो. समोर बसलेला कारकून ते लिहून घेतो. आमच्याकडे कानडी माणसाचा जबाब कानडी कारकून घ्यायचा, मराठी माणसाचा मी. लिहून झालं की तो कागद त्या माणसाला वाचून दाखवायचा, त्यानं होय म्हटलं की शेवटी एक ओळ लिहायची, 'वाचून दाखवला, बरोबर आहे,' आणि खाली सही, नाहीतर अंगठा. त्या ओळीनंतर त्या माणसाचं बोलणं संपलं. पुढं त्याच्या वतीनं तो कागदच बोलतो. मामलेदार बदलून जावोत, माणूस मरून जावो, कागद बोलत राहतो.

मी कंग्राळीचा. बाप नांगर धरायचा, आई भांगलायला जायची. आमच्या भावकीत सातवीची फायनल पास झालेला पहिला मीच. चिकोडीच्या कचेरीत चिकटलो तेव्हा आईनं गल्लीभर साखर वाटली. आणि मी काय केलं? पहिल्या सहा महिन्यांत घरची बोली काढून खुंटीला टांगली. घरी 'आलतो, गेलतो' म्हणणारा (आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल तसंच म्हणतात) मी कचेरीत 'आलो होतो, गेलो होतो' म्हणायला लागलो. नुसता बोलण्यापुरता बदल असता तर हरकत नव्हती. पण कुणी खेडूत आपल्या बोलीत आपल्या घरच्या गोष्टी सांगायला लागला की मला कानकोंडं व्हायचं. वाटायचं, हा माझंच बिंग फोडतोय.

आमचे अव्वल कारकून होते रामराव. हुशार, स्वच्छ, लाच न खाणारे आणि तपकीर भरपूर ओढणारे. त्यांनी मला जबाब लिहायला शिकवला. ते म्हणायचे, "माणूस घागरभर बोलतो. आपण वाटीभर घ्यायचं. बाकीचं अंगणात ओतून द्यायचं." आणि खरोखरच या कलेत मी वर्षभरात त्यांच्या पुढं गेलो. अर्धा तास कुणी बोलला तरी माझा जबाब सात ओळींच्या वर जायचा नाही. 'विचारल्यावरून सांगतो की' इथं सुरुवात आणि 'येणेप्रमाणे जबाब' इथं शेवट. मामलेदार माझे कागद खुशीनं वाचायचे, कारण वाचायला काही नसायचंच.

त्या काळात सरकारनं हक्कनोंदीचं काम काढलं होतं. कुठली जमीन कुणाची, याची नवी नोंद गावोगाव होत होती. त्यात जुने तंटे वर आले आणि नसलेले जन्माला आले. मामलेदारांचा मुक्काम निपाणीच्या चावडीत पडला होता. बाजारादिवशी तर चावडीपुढं जत्रा जमायची. एका अशाच बाजारादिवशी, ऊन डोक्यावर आलेलं असताना, माझ्यापुढं गंगाक्का उभी राहिली.

जवळच्याच एका गावची ही विधवा बाई. पस्तिशीची असेल. नवरा जाऊन चारपाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अंगानं काटक, पदर डोक्यावरून घट्ट, आणि नजर मात्र थेट माझ्या तोंडावर. तिचा नवरा जी तंबाखूची जमीन कसायचा ती नवऱ्यामागं ती स्वतः कसत होती. आता दिरानं अर्ज दिला होता की, आम्ही भाऊ एकत्रच होतो, तेव्हा भावामागं जमीन माझी.

यातली मेख अशी. भाऊ एकत्र असतील आणि एक मेला, तर त्या काळच्या कायद्यानं त्याच्या विधवेला अन्नवस्त्रापुरतं मिळायचं. पण भाऊ आधीच वेगळे झालेले असतील, तर नवऱ्याची जमीन ती जिती असेपर्यंत तिची. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच, की भाऊ वेगळे झाले होते की नव्हते? खेड्यात वाटण्या तोंडीच होतात. कागद नव्हता. दिरानं चार पंच आणले होते, ते म्हणत होते एकत्र. गंगाक्कानं आणली होती फक्त आपली जीभ.

ती बोलायला लागली. "भाऊसायेब, आमच्या शेताच्या बांधाला म्हसोबा हाय. सासरा होता तवर एक निवद जायचा. मग दोगं भाव येगळं झालं. त्या सालापासनं दोन निवद जात्यात. एक थोरल्या जावंचा, एक माजा. माज्या निवदाला मी..."

एवढं मला आठवतं. नंतर काय झालं ते आठवत नाही, कारण मी ऐकणं थांबवलं होतं. म्हसोबा आला, निवद आला, जाऊ आली, म्हणजे हे पाल्हाळ. माझा हात आपोआप चालत राहिला. 'माझे मयत नवऱ्याचे पश्चात सदर जमीन माझे वहिवाटीस आहे. दिराचा संबंध नाही. येणेप्रमाणे जबाब.' ती बोलतच होती. मागं वीसपंचवीस माणसं उन्हात ताटकळत होती आणि मला भूक लागली होती. मी शेवटची ओळ लिहिली, 'वाचून दाखवला, बरोबर आहे,' आणि शाईची डबी पुढं सारली.

वाचून दाखवला नव्हता.

तिनं विचारलं, "समदं आलं न्हवं ह्यात?"

मी म्हटलं, "सगळं आलं. अंगठा करा."

तिनं अंगठा केला, बोट पदराच्या आतल्या टोकाला पुसलं आणि मला हात जोडून गेली.

महिन्याभरानं निकाल झाला. मामलेदारांनी लिहिलं की, भाऊ विभक्त झाल्याबद्दल बाईच्या जबाबात अवाक्षर नाही, सबब नोंद दिराच्या नावे करावी. निकालात चूक काही नव्हती. कागदात जे होतं त्यावरच तो दिलेला होता.

पुढच्या मुक्कामाला गंगाक्का आली. रडली नाही, ओरडली नाही. माझ्यापुढं उभी राहून म्हणाली, "भाऊसायेब, मी काय बोललोय ते मला वाचून दावा."

मी कागद काढला. सात ओळी वाचायला कितीसा वेळ लागतो! वाचून झाल्यावर ती आणखी थोडं थांबली, पुढं अजून काही येईल म्हणून. मग म्हणाली, "संपलं?"

"संपलं."

"ह्यात मी कुटं हाय?" ती म्हणाली. "निवद कुटं हाय? जाऊबाईचा निवद, माजा निवद? अंगठा तेवढा माजा दिसतोय."

मी तिला म्हटलं की त्या निवदाचा इथं काय संबंध? आणि हे बोलता बोलताच माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण संबंध काय ते मला ठाऊक होतं. आमच्या कंग्राळीत, माझे वडील आणि चुलते वेगळे झाले त्याच साली माझ्या आईनं पहिल्यांदा आपला वेगळा निवद शेतातल्या देवापुढं ठेवला होता. ताट माझ्याच हातात होतं. एकत्र घराचा निवद एक. चूल वेगळी झाली की निवद वेगळा. आमच्या भागात वाटणीचा याहून मोठा पुरावा नाही, कारण माणूस पंचांपुढं खोटं बोलेल, पण शेतातल्या देवापुढं खोटा निवद ठेवायला कुणी धजायचं नाही. गंगाक्कानं नेमका पुरावाच आणला होता. रामरावांना तो कळला नसता तर मी समजू शकलो असतो. मला कळला नाही, कारण मला तो कळून घ्यायचा नव्हता.

त्या रविवारी मी कंग्राळीला गेलो. आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे रं, नोकरी सांभाळ. आई जोंधळा पाखडत होती. सूप न थांबवता तिनं विचारलं, "निवदाचं लिवलं न्हाईस? मग काय लिवलास?"

तिथंच माझं ठरलं.

सोमवारी मामलेदारांपुढं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "रावसाहेब, त्या बाईचा जबाब पुन्हा घ्यावा लागेल. मी तिचं सांगणं गाळलं आहे."

त्यांनी कागद पाहिला. "खाली तुमच्या अक्षरात लिहिलंय, वाचून दाखवला, बरोबर आहे. दाखवला होता ना?"

"नाही."

"म्हणजे ही ओळ खोटी?"

"होय, खोटी."

त्यांनी कागद उलटा करून ठेवला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "तुमचं नवीन लग्न झालंय. असं बोललेलं मी ऐकलं नाही, समजलात? जा, कामाला लागा."

मी गेलो नाही. म्हणालो, "तोंडी ऐकू येत नसेल तर लिहून देतो." हे वाक्य मी आज लिहितो तेव्हा मोठं धीराचं वाटतं. त्या वेळी त्यांच्या टेबलाची कड मी धरून ठेवली होती. रामराव दारात उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "मूर्खा, खोटी ओळ तू एकट्यानं लिहिलीस का? आम्ही सगळेच लिहितो."

मी म्हटलं, "माहीत आहे. पण ही मी लिहिली."

लिहून दिलं. कागद बेळगावास प्रांतसाहेबांकडं गेला. साहेब गोरा होता, तरुण होता, आणि कबुलीजबाब देणारा कारकून त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यानं दोन हुकूम काढले. एक, बाईचा जबाब पुन्हा घ्यावा, आणि तो याच कारकुनानं घ्यावा. दोन, कारकुनाची पगारवाढ तीन वर्षं बंद आणि काम होताच बदली खानापूरला. पहिल्या हुकमासाठी मी त्याचा जन्मभर ऋणी आहे. दुसऱ्याबद्दल खानापुरातल्या जळवा साक्ष देतील.

दुसऱ्या खेपेला मी गंगाक्काला बसायला घोंगडं दिलं आणि म्हटलं, "आक्का, पहिल्यापासनं सांगा." ती बोलली तसं लिहीत गेलो. एक शब्द सुधारला नाही. निवदात काय काय असायचं, नारळ कोण फोडायचं, सगळं आलं. आणि मधेच, जाता जाता म्हणावं तसं, ती म्हणाली, "गुरवाला इचारा की. दर साली त्येला आमच्या बांधावर दोन नारळाच्या दोन अर्ध्या भकली मिळत्यात. एका घरच्या दोन कशा मिळतील?"

हे तिनं पहिल्या दिवशीही सांगितलं होतं का? मी तिला विचारलं. "सांगिटलं की," ती म्हणाली. "तुमी तवा घाम पुसत हुता."

अकरा पानं झाली. सगळी वाचून दाखवली. तिनं चार ठिकाणी थांबवलं, चार ठिकाणी मी दुरुस्त केलं. मामलेदारांनी ती चळत हातात घेऊन वजन केल्यासारखी हलवली आणि म्हणाले, "कारकून, हा जबाब आहे की नाटकाची वही?" सगळी चावडी हसली. मीही हसलो. पण रावसाहेबांनी ती वही खाली ठेवली नाही. अकराची अकरा पानं त्यांनी तिथंच वाचली, आणि मग गुरवाला बोलावणं धाडलं. गुरव आला, दिराकडं बघून चाचरला, आणि म्हसोबाचं नाव काढताच खरं बोलला. नोंद गंगाक्काच्या नावे झाली.

मी खानापूरला गेलो. पावसाळ्यात तिथं कपडे वाळत नाहीत आणि माणसं कचेरीत येत नाहीत. बसून बसून करायचं काय? रावसाहेबांचं वाक्य डोक्यात घोळत होतं. तशात लोंढ्याकडच्या रानातला एक म्हातारा कोंडवाड्याच्या तंट्यात जबाब द्यायला आला. त्याला नुसतं सांगता यायचंच नाही. म्हणाला, "आदी पाटील व्हतो, मग म्हस व्हतो, मग मी व्हतो." आणि झाला! पाटील होऊन मिशीला ताव दिला, म्हैस होऊन माझ्या टेबलाखाली शिरला, आणि स्वतः होऊन इतका दीन उभा राहिला की शिपायानं त्याला पाणी आणून दिलं. तो जबाब लिहिताना मला जाणवलं, मी रोज ज्यांच्यापुढं बसतो ती माणसं किती बोलतात, कशी बोलतात, आणि त्यातलं एकही वाक्य आमच्या रंगभूमीवर येत नाही. तिथं राजे होते, राजकन्या होत्या, आणि सगळे पोथीतल्यासारखं बोलत होते. शेतकरी आलाच तर हसवायला यायचा.

मी गंगाक्काचं नाटक लिहायला घेतलं. नाव ठेवलं 'दुसरा निवद'. ते पुरं व्हायला वर्षं लागली. पाच वेळा लिहिलं, चार वेळा चुलीत घातलं. बायको म्हणायची, "ह्या चुलीला तुमच्या नाटकाची चटक लागली बघा." दरम्यान बदली होऊन बेळगावास आलो आणि साहेबाची परवानगी काढून वही एका नाटक कंपनीच्या मालकांना दिली. मालक जुने, मुरलेले. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बाई राजकन्या नाही?"

"नाही."

"गाणं म्हणत नाही?"

"एक ओवी म्हणते, जात्यावर."

"मग लोक काय बघायला येतील?" असं म्हणून ते पुढं वाचत गेले आणि चौथ्या प्रवेशाला थांबले. त्यात बाई मामलेदारापुढं पदर पसरून धाय मोकलून रडते. मालकांचे डोळे चमकले. "हे आहे! हा प्रवेश आहे ना, मग मी नाटक लावतो. रघूला ही भूमिका देऊ. रघू रडायला लागला की पिटातली माणसं पागोट्यानं डोळे पुसतात." रघू म्हणजे त्यांच्या कंपनीतला बायकांची कामं करणारा नट. त्या काळी बायका रंगभूमीवर येत नव्हत्या.

तालमी सुरू झाल्या. पण माझ्या मनात एक टोचणी होती. जबाब ज्याचा, त्याला वाचून दाखवायचा. हे नाटक म्हणजे दुसरं काय होतं? मी वही घेतली, मोटारीनं निपाणी गाठली आणि तिथून चालत गंगाक्काच्या शेतावर गेलो.

ती तंबाखूचे शेंडे खुडत होती. आता म्हातारी झाली होती, पण नजर तीच. मला ओळखलं. "भाऊसायेब, आता काय चुकलं?" म्हणाली. मी म्हटलं, काही चुकलंय का तेच विचारायला आलोय. बांधावर म्हसोबाच्या दगडापाशी आम्ही बसलो आणि मी भर उन्हात तिला नाटक वाचून दाखवलं. हाताला तंबाखूचा चीक, तो ती मातीनं चोळत होती आणि ऐकत होती. कधी हसली, कधी "व्हय, असंच" म्हणाली. चौथा प्रवेश आला. मी आवाजात कंप आणून वाचला. वाचून वर बघतो तर तिचं तोंड बदललेलं.

"ही कोण रडतीया?"

"तुम्हीच, आक्का."

"मी रडलेलो न्हाय. रडलेलो काय रं कवा?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं मला एकेरी हाक दिली. "जमीन गेल्याली हुती, न्हवरा गेल्याला हुता, पर त्या चावडीत मी डोळ्यातनं टिपूस काडलं न्हाय. रडलो असतो तर दीर जिकला असता. खोड ते."

मी म्हटलं, "आक्का, नाटकात थोडं..."

"सात वळीत तू मला गाळलंस," ती म्हणाली, "आता शंभर पानात माजं नसल्यालं घालतूस. दोनी येकच की."

मी बांधावरच पेन काढून त्या प्रवेशातलं रडणं खोडलं. वहीच्या शेवटी ती ओळ लिहावी आणि तिचा अंगठा घ्यावा असं माझ्या मनात होतं. तिला तसं म्हणालो. तिनं मान हलवली. "येकदा तुज्यावर इसंबून अंगठा दिलोय. आता न्हाय. आदी नाटक बघतो, मग बघू."

मालक भडकले. "रडणं काढलं तर नाटकात उरलं काय? लोक रडायला पैसे देतात हो!" मी म्हटलं, ती बाई रडली नव्हती. ते म्हणाले, तिला विचारतंय कोण? मी म्हटलं, मी विचारलंय. दोन दिवस आमची हुज्जत चालली. शेवटी मी वही काखोटीला मारून उठलो आणि तेव्हा कोपऱ्यात बसलेला रघू बोलला. "मालक, आजवर मी रडूनच टाळ्या घेतल्या. एकदा न रडता उभा राहून बघतो. जमलं नाही तर दुसऱ्या खेपेला रडेन." असा हा नट. त्यानं पुढं काय केलं ते पुष्कळांनी पाहिलं आहे, पण हा सौदा त्यानं स्वतःहून केला होता हे कुणाला ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

निपाणीत बाजारादिवशी दुपारी बायकांसाठी खास खेळ लावला. गंगाक्का आली. पुढं, जमिनीवर, बायकांच्या गर्दीत बसली. मी विंगेतून तिच्याकडंच बघत होतो. नाटक रंगत गेलं. चौथा प्रवेश आला. चावडी, मामलेदार, लिहायला बसलेला कारकून, आणि पुढं रघू, काठाचं जुनेर नेसून ताठ उभा. नाटकातला कारकून खेकसतो, "काय ते थोडक्यात सांग." इथं मी लिहून ठेवलं होतं की बाई क्षणभर गप्प राहते. रघू गप्प राहिला. रडला नाही. नुसता बघत राहिला. ती शांतता लांबत गेली. मालक विंगेत माझा दंड घट्ट धरून उभे होते.

आणि त्या शांततेत गंगाक्का जागची उठली. तिला वाटलं, पुन्हा तेच होणार.

"सांग की गं!" ती ओरडली. "निवदाचं सांग! मागल्या बारीला त्येच ऱ्हायलं हुतं! थोडक्यात सांगू नगंस, समदं सांग!"

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. रघूनं काय करावं? त्यानं कारकुनाकडं पाठ केली, तिच्याकडं तोंड केलं, आणि माझी ती सगळी वाक्यं, अकरा पानांतून आलेली, तिला सांगितली. सासरा होता तेव्हा एक निवद. भाऊ वेगळे झाले तेव्हा दोन. ती प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत उभी होती. हळूहळू बाकीच्या बायकाही म्हणायला लागल्या. मला त्यापुढचं नीट दिसलं नाही. रडायचं नाही हा नियम रंगमंचावरच्या माणसांसाठी होता, विंगेतल्या कारकुनासाठी नव्हता.

त्यानंतर त्या नाटकाचे खूप प्रयोग झाले. मी आणखी नाटकं लिहिली. लोकांनी हार घातले, संमेलनात खुर्ची दिली, वर्तमानपत्रांनी ग्रामीण बोलीचा कैवारी वगैरे म्हटलं. हे सगळं मला आवडलं, नाही कशाला म्हणू? पण हार गळ्यात पडला की मला दुसरंच आठवतं. गंगाक्काच्या आधी मी शेकडो जबाब लिहिले होते. त्यातले किती वाचून दाखवले? किती माणसं माझ्या सात ओळींत हरवली? गंगाक्का परत आली, म्हणून मला कळलं. जी परत आली नाहीत त्यांचे कागद आजही चिकोडीच्या दप्तरात माझ्या अक्षरात बोलत असतील, आणि त्यांचं मी काही करू शकत नाही.

त्या दिवशी खेळ संपल्यावर गंगाक्का पडद्यामागं आली. तिनं रघूला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "निऱ्या नीट घालत जा, बाबा." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आण तुजी शाई."

मी गडबडीनं वही काढली. शेवटच्या पानावर ओळ लिहिली, शाईची डबी उघडून पुढं केली, आणि तिचा हात धरायला गेलो. तिनं हात मागं घेतला.

"काय लिवलंस?"

"काही नाही, आक्का, नेहमीचंच..."

"आदी वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. "वाचून दाखवला, बरोबर आहे."

तिनं ऐकलं, थोडा विचार केला, आणि मग स्वतःच डबीत अंगठा बुडवला.